फाइल आज कोणाच्या टेबलावर आहे? अमेरिकेच्या विवाह-व्हिसाचा लांबलेला काळ कसा निभवायचा

लग्न लागते, सुट्टी संपते, अमेरिकेतला जोडीदार परत जातो आणि इकडे भेटेल तो विचारू लागतो, "व्हिसा कधी?" त्याचे नेमके उत्तर कुणाकडेच नसते. पण एका दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही दिवशी देता यायला हवे: आपली फाइल आज कोणत्या टेबलावर आहे? ते ठाऊक असले की चौकशी कुठे करायची, कोणता कागद आत्ता काढायचा आणि कोणता मुद्दाम थांबवायचा, हे ठरवता येते. ते ठाऊक नसले की घाईत काढलेले कागद शिळे होतात, आणि सरकारी दिरंगाईत आपल्या हातची दिरंगाई मिसळते. सरकारची दिरंगाई आपल्याला फारशी हलवता येत नाही. स्वतःची मात्र पूर्ण टाळता येते.

हा लेख अशा जोडप्यांसाठी आहे, ज्यांतला एक जण अमेरिकेचा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक आहे आणि दुसरा भारतात आहे. एच-१बी वर असलेल्याच्या जोडीदाराला लागणारा एच-४ हा वेगळा रस्ता, तो इथे घेतलेला नाही.

आधी आपली रांग ओळखा

अमेरिकन नागरिकाचा नवरा किंवा बायको हे कायद्याने 'जवळचे नातेवाईक' ठरतात. त्यांच्या व्हिसांना वार्षिक संख्येची मर्यादा नाही. त्यांना लागणारा वेळ हा फक्त कार्यालयीन कामाचा असतो.

ग्रीन कार्डधारकाचा जोडीदार एफ-२ए या गटात येतो. इथे वर्षाला ठरावीकच व्हिसा मिळतात, त्यामुळे कागद मंजूर झाले तरी आपला क्रमांक लागेपर्यंत थांबावे लागते. क्रमांक म्हणजे 'प्रायॉरिटी डेट', अर्थात आय-१३० हा जोडीदाराला बोलावण्याचा अर्ज अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याला, यूएससीआयएसला, मिळाल्याची तारीख. परराष्ट्र खाते दर महिन्याला 'व्हिसा बुलेटिन' काढते. त्यातल्या एफ-२ए च्या ओळीतली तारीख तुमच्या तारखेच्या पुढे गेली की वाट मोकळी होते. एप्रिल २०२३ मध्ये या गटात रांग पुन्हा सुरू झाली. नोकरीच्या ग्रीन कार्डासाठी भारतीयांची जी अनेक वर्षांची रांग सगळ्यांना ऐकून माहीत आहे, ती ही नव्हे. एफ-२ए मध्ये भारताची तारीख सहसा इतर बहुतेक देशांइतकीच असते. बुलेटिन वाचताना चुकून नोकरीचा तक्ता पाहून धास्ती घेऊ नका.

तिसरी शक्यता बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही. जोडीदाराला नोकरीच्या आधारावर ग्रीन कार्ड मिळाले असेल आणि ते मिळण्याच्या आधी, भले एक दिवस आधी, लग्न झालेले असेल, तर आय-१३० ची आणि एफ-२ए च्या रांगेची गरज नसते. 'फॉलो टू जॉइन' या तरतुदीखाली आय-८२४ हा अर्ज भरून मूळ नोकरीच्या केसमधूनच जोडीदाराला बोलावता येते. म्हणून लग्नाची कायदेशीर तारीख आणि ग्रीन कार्डावरची 'रेसिडेंट सिन्स' ही तारीख शेजारी शेजारी ठेवून पाहा. ग्रीन कार्डानंतर लग्न झाले असेल तर मात्र एफ-२ए च.

एफ-२ए च्या रांगेत असताना तिकडच्या जोडीदाराला नागरिकत्व मिळाले, तर केस 'जवळचे नातेवाईक' गटात जाते आणि तारखेची वाट संपते. हे आपोआप कुणी लक्षात घेईल यावर विसंबू नका. केस जिथे असेल तिथे नागरिकत्वाच्या प्रमाणपत्राची प्रत आपण पाठवायची. यात एक खड्डा आहे. एफ-२ए मध्ये मुले आईच्या किंवा वडिलांच्या अर्जाला जोडलेली चालतात, 'जवळचे नातेवाईक' गटात चालत नाहीत. गट बदलला की प्रत्येक मुलासाठी स्वतंत्र आय-१३० लागतो. हे माहीत नसल्याने आईचा व्हिसा येतो आणि मूल मागे राहते. नागरिकत्वाची शपथ व्हायच्या आधीच मुलांचे अर्ज भरून ठेवणे शहाणपणाचे.

तीन टेबले

पहिले टेबल यूएससीआयएस. तिकडचा जोडीदार आय-१३० भरतो आणि सोबत इकडच्या जोडीदाराची माहिती देणारा आय-१३०ए जोडतो. १ एप्रिल २०२४ पासून शुल्क ऑनलाइन भरल्यास ६२५ डॉलर, कागदी अर्जाला ६७५ डॉलर. भरण्याआधी फॉर्मच्या अधिकृत पानावर आकडा तपासा, कारण चुकीच्या रकमेचा अर्ज तसाच परत येतो आणि तारीख हातची जाते. शक्यतो ऑनलाइनच भरा. पावती, नोटीस, खात्याने मागितलेला पुरावा, सगळे एकाच खात्यात दिसते. पावतीवर तीन अक्षरे आणि दहा अंक असा तेरा खुणांचा क्रमांक असतो. तो दोघांकडेही असलाच पाहिजे.

दुसरे टेबल नॅशनल व्हिसा सेंटर, म्हणजे एनव्हीसी, न्यू हॅम्पशायरमधले. आय-१३० मंजूर झाला म्हणजे व्हिसा मिळाला असे नाही. फाइल फक्त या टेबलावर सरकली. इथे बीएमबी ने सुरू होणारा केस क्रमांक मिळतो. बीएमबी म्हणजे मुंबई. ३२५ डॉलर व्हिसा अर्जाचे आणि १२० डॉलर आर्थिक हमीपत्राचे भरायचे, मग डीएस-२६० हा ऑनलाइन अर्ज, मग कागदपत्रे अपलोड. सगळे बरोबर आहे असे त्यांनी मान्य केले की केस 'डॉक्युमेंटरिली क्वालिफाइड' होते. जाणकार लोक 'डीक्यू झाले' म्हणतात ते हे.

तिसरे टेबल मुंबईतले, वांद्रे-कुर्ला संकुलातले अमेरिकन कॉन्सुलेट. डीक्यू झाल्यावर मुलाखतीची तारीख मिळेपर्यंतचा काळ हाच अनेकांना सर्वांत जड जातो, कारण तोपर्यंत करण्यासारखे काहीच उरलेले नसते आणि स्थितीत महिनोन्‌महिने बदल दिसत नाही. परराष्ट्र खात्याच्या संकेतस्थळावर कोणत्या कॉन्सुलेटमध्ये कोणत्या महिन्यात डीक्यू झालेल्यांना सध्या तारखा मिळताहेत, हे पाहण्याची सोय आहे. ओळखीतल्या कुणाला किती दिवस लागले यापेक्षा ती बघा.

एनव्हीसीच्या टेबलावर एक नियम डोक्यात पक्का ठेवा. वर्षभर तुमच्याकडून काहीच हालचाल झाली नाही तर केस बंद करण्याची प्रक्रिया सुरू होऊ शकते. काही कारणाने मुद्दाम थांबला असाल, तरी वर्ष भरण्याच्या आत खात्यात लॉग-इन करा किंवा त्यांच्या चौकशी-अर्जातून एक प्रश्न विचारा.

नावे: मराठी फाइल इथेच अडते

अमेरिकन अधिकाऱ्याला नाव आणि आडनाव कळते. आपल्याकडे मधले नाव वडिलांचे, लग्नानंतर नवऱ्याचे, आणि काही घरांत तर लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवे नावच लिहिले जाते. दहावीच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरे, पासपोर्टवर तिसरे. त्यात स्पेलिंग: 'श्वेता'च्या शेवटी एक 'ए' की दोन, 'दीक्षित'मध्ये 'आय' की डबल 'ई', जन्मदाखल्यावर वडिलांचे नाव 'राव' लावून की न लावता.

यावर उपाय म्हणजे एक साधा तक्ता. उभ्या रकान्यात प्रत्येक कागद, आडव्या रकान्यात नाव, मधले नाव, आडनाव, जन्मतारीख, जन्मगाव, आईवडिलांची नावे, सगळे त्या कागदावर आहे तसेच, अक्षर न् अक्षर. तासाभराचे काम आहे. जिथे फरक दिसेल तिथे तीनच रस्ते: मूळ कार्यालयातून दुरुस्ती, महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल, किंवा फरक किरकोळ असेल तर अर्जातल्या 'इतर वापरलेली नावे' या रकान्यात ते रूप नोंदवणे. हा रकाना रिकामा सोडण्याची चूक फार जण करतात. माहेरचे नाव हे 'इतर नाव'च आहे, ते तिथे आलेच पाहिजे.

पासपोर्टवर नाव बदलायचे की नाही? अमेरिकेच्या व्हिसासाठी बायकोने नवऱ्याचे आडनाव लावलेच पाहिजे असा नियम नाही. माहेरच्या नावावर पासपोर्ट असेल, पदव्या त्याच नावाच्या असतील, तर केस चालू असताना नाव बदलू नका. बदलायचेच असेल तर आय-१३० भरण्याआधी बदला. मध्येच बदलले तर पुढच्या प्रत्येक टेबलावर ते पुराव्यासह सांगत बसावे लागते.

लग्नाचा दाखला आणि जन्माचा दाखला

महाराष्ट्रात बहुतेक विवाह १९९८ च्या विवाह नोंदणी कायद्याखाली नोंदवले जातात: गावात ग्रामपंचायतीत, शहरात महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात. नमुना 'ड' म्हणजे ज्ञापन, ज्यावर वधू-वर आणि तीन साक्षीदार सह्या करतात. नमुना 'ई' म्हणजे प्रमाणपत्र. अपलोड करायचे ते 'ई'. भटजींची पावती, मंगल कार्यालयाचे बिल, लग्नपत्रिका ही नात्याच्या पुराव्यात चालतात, दाखल्याच्या जागी चालत नाहीत. लग्नापासून ९० दिवसांत नोंदणी केली तर विलंब शुल्क लागत नाही. सुट्टीवर आलेला जोडीदार परत जाण्याआधीच हे उरका. सहीसाठी त्याला पुन्हा बोलावणे म्हणजे विमानाचे भाडे.

दाखला हातात पडताच, कार्यालयाच्या दारातच, तो वाचा. दोन तारखा असतात: विवाहाची आणि नोंदणीची. आय-१३० मध्ये विवाहाची तारीख लागते. इथे नोंदणीची तारीख भरली गेली की पुढे पत्रिका, फोटो आणि अर्ज यांचा मेळ बसत नाही.

उलट प्रकारही असतो. विशेष विवाह कायदा, १९५४ खाली आधी कोर्टात लग्न, आणि सहा महिन्यांनी हॉल मिळाल्यावर विधी. अशा वेळी कायद्याने तुम्ही कोर्टातल्या दिवसापासून विवाहित. मधल्या काळात कुठल्याही व्हिसा अर्जात स्वतःला 'अविवाहित' लिहिले असेल तर ती गंभीर विसंगती ठरते. मुलाखतीला दोन्ही प्रसंगांचे फोटो न्या आणि विचारले तर जसे घडले तसे सांगा. गोव्यात चर्च किंवा देवळातल्या विधीचा कागद पुरेसा नाही, नागरी निबंधकाच्या कार्यालयातली नोंदच लागते. तिकडच्या पोर्तुगीजकालीन जुन्या नोंदींचे भाषांतरही करावे लागते.

जन्मदाखल्यावर नाव नसणे हा आपल्याकडचा नेहमीचा घोळ: नोंदीत फक्त 'मुलगी', आईवडील, तारीख. ज्या ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत नोंद आहे, तिथे नाव नोंदवून नवा दाखला घ्या. नोंदच सापडत नसेल तर त्याच कार्यालयाकडून 'अनुपलब्धता प्रमाणपत्र' घ्या आणि सोबत शाळा सोडल्याचा दाखला, आईवडिलांचे किंवा जवळच्या नातेवाइकांचे प्रतिज्ञापत्र असे दुय्यम पुरावे जोडा. नुसते प्रतिज्ञापत्र पाठवून भागत नाही. अनुपलब्धता प्रमाणपत्रासाठी गावी हेलपाटे घालावे लागतात, म्हणून हे काम पहिल्या टेबलाच्या काळातच हाती घ्या.

मराठी कागदाचे इंग्रजी भाषांतर लागते. खाली भाषांतरकाराची सही, नाव, पत्ता, तारीख आणि दोन गोष्टींची कबुली: मला दोन्ही भाषा येतात, आणि हे भाषांतर पूर्ण व अचूक आहे. स्वतः अर्जदाराने ते करू नये. मूळ आणि भाषांतर एकाच फाइलमध्ये, मूळ आधी. शिक्का, कोपऱ्यातला हाताने लिहिलेला शेरा, मागची बाजू, सगळे स्कॅनमध्ये आले पाहिजे. कागद परत येण्याचे एक फार साधे कारण म्हणजे मागची बाजू राहून जाणे. एजंट सांगतात म्हणून प्रत्येक कागदाचे अपोस्टिल, म्हणजे परदेशात वापरण्यासाठीचे सरकारी प्रमाणन, करू नका, या व्हिसाला ते लागत नाही.

शिळे होणारे कागद

जन्माचा आणि लग्नाचा दाखला एकदा काढला की पुरतो. खालचे कागद मात्र दुधासारखे आहेत.

पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट, पीसीसी: पासपोर्ट सेवा संकेतस्थळावरून अर्ज, शुल्क ५०० रुपये, मग पासपोर्ट सेवा केंद्राची वेळ. राहता पत्ता पासपोर्टवरच्या पत्त्यापेक्षा वेगळा असेल तर पोलीस पडताळणी नव्याने होते आणि वेळ वाढतो. व्हिसासाठी हा कागद दोन वर्षे चालतो. लग्न झाल्या झाल्या पीसीसी काढून ठेवणारे हमखास दुसऱ्यांदा रांगेत उभे राहतात. आय-१३० मंजूर झाल्यावर काढा. वयाच्या १६ वर्षांनंतर दुबई, सिंगापूर अशा दुसऱ्या देशात १२ महिने किंवा अधिक राहिला असाल, तर तिथला पोलीस दाखलाही लागतो. तिथे परत गेला नसाल तर तो शिळा होत नाही, म्हणून तो मात्र लवकर मागवा. परदेशातून मागवताना बोटांचे ठसे, कुरिअर यात वेळ जातो.

वैद्यकीय तपासणी: कॉन्सुलेटने नेमलेल्या डॉक्टरांकडेच, आणि मुलाखतीची तारीख हातात आल्यावरच. ती साधारण सहा महिने धरली जाते आणि व्हिसाची मुदतही तिला बांधलेली असते. आधी करून ठेवण्यात नुकसानच आहे. पण तयारी आधी करता येते. लसीकरणाच्या नोंदी जमवा. घरात कुणाला पूर्वी क्षयरोग होऊन गेला असेल तर उपचार पूर्ण झाल्याचे कागद आणि जुने एक्स-रे शोधून ठेवा. छातीच्या एक्स-रेवर जुना डाग दिसला तर तीन दिवस थुंकीचे नमुने घेतात आणि कल्चरचा निकाल यायला आठ आठवडे जातात. हा उशीर ना एनव्हीसीचा ना कॉन्सुलेटचा. तो सांगून येत नाही, म्हणून तपासणी मुलाखतीच्या आदल्या दिवशी ठेवू नका आणि नोकरीचा राजीनामा या निकालाआधी देऊ नका.

पासपोर्ट: प्रवासाच्या तारखेपुढे किमान सहा महिने मुदत हवी. वर्षभरात संपणार असेल तर आत्ताच नवा काढा. क्रमांक बदलला तर जुना-नवा दोन्ही जपा. डीएस-२६० पाठवल्यावर तो आपल्याला उघडता येत नाही, त्यामुळे बदल एनव्हीसीला कळवायचा किंवा मुलाखतीत सांगायचा.

आर्थिक हमीपत्र, आय-८६४: तिकडच्या जोडीदाराचे उत्पन्न त्या वर्षीच्या दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के तरी हवे. २०२५ च्या तक्त्यात दोघांच्या कुटुंबासाठी ही रक्कम २६,४३७ डॉलर होती. ती दरवर्षी बदलते. कुटुंब मोजताना चूक होते: ज्याने आधी आईवडिलांना ग्रीन कार्डावर नेले आहे, त्याने हमी चालू असेपर्यंत त्यांनाही मोजायचे. उत्पन्न कमी पडले तर सहहमीदार चालतो, किंवा मालमत्ता दाखवता येते: नागरिकाच्या जोडीदारासाठी कमतरतेच्या तिप्पट, बाकीच्यांसाठी पाचपट. केस लांबून एप्रिल ओलांडला की नव्या वर्षाचा टॅक्स रिटर्न आणि ताज्या पगारपावत्या मुलाखतीला न्याव्याच लागतात.

टॅक्सबद्दल आणखी एक. ३१ डिसेंबरला तुम्ही विवाहित असाल, तर त्या वर्षीचा अमेरिकन रिटर्न 'सिंगल' म्हणून भरणे चूक आहे. बायको भारतात आहे, तिचा सोशल सिक्युरिटी नंबर नाही, म्हणून सवयीने 'सिंगल'वर खूण केली जाते. तोच रिटर्न पुढे हमीपत्राला जोडला जातो आणि लग्नाच्या खरेपणावर प्रश्न येतो. 'मॅरिड फायलिंग सेपरेटली' भरा, किंवा जोडीदारासाठी आयटीआयएन, म्हणजे सोशल सिक्युरिटी नंबर नसलेल्यांचा कर क्रमांक, घेऊन एकत्र भरा. झाले असेल तर दुरुस्त रिटर्न भरा.

उशीर खरंच झालाय का, आणि झाला तर काय

यूएससीआयएसच्या 'प्रोसेसिंग टाइम्स' पानावर फॉर्म, गट आणि कार्यालय निवडले की ८० टक्के केसेस किती काळात निकाली निघाल्या ते दिसते. तिथेच पावतीची तारीख घातली की चौकशी कधीपासून करता येईल ती तारीख मिळते. ती उलटण्याआधी केलेल्या तक्रारीला ठरलेले उत्तर येते. उलटली की ऑनलाइन 'ई-रिक्वेस्ट' करा. उत्तराची तारीख लिहून ठेवा.

मग पुढची पायरी: तिकडचा जोडीदार ज्या मतदारसंघात राहतो, तिथल्या काँग्रेस सदस्याचे कार्यालय. सदस्याच्या संकेतस्थळावर सरकारी खात्यांतल्या अडचणींसाठी अर्ज असतो, सोबत गोपनीयतेची परवानगी देणारा सहीचा कागद. ग्रीन कार्डधारकही हे करू शकतो. याने रांग मोडत नाही, पण एखादी फाइल कुठे तरी अडकून पडली असेल, दोन खात्यांच्या मध्ये हरवली असेल, तर ती सापडते.

तातडीची विनंती कधी करावी? जिवावरचे आजारपण, मोठे आर्थिक नुकसान, खात्याची स्वतःची ढळढळीत चूक अशा कारणांसाठी, आणि प्रत्येक वाक्याला कागद जोडून: डॉक्टरांचे लेटरहेडवरचे पत्र, त्यात निदान, जोडीदाराची उपस्थिती का हवी आणि कधीपर्यंत. फक्त विरह हे कारण मानले जात नाही. हे वाचायला कठोर वाटेल, पण भावनेने भरलेले तीन पानी पत्र पाठवून नकार घेण्यापेक्षा हे आधी कळलेले बरे.

जास्तीचा पुरावा मागणारी नोटीस आली तर घाबरू नका, पण घाईही नको. पत्रावरची शेवटची तारीख पाहा. उत्तर एकदाच, सगळे एकत्र द्यायचे असते. अर्धे आज, अर्धे पुढच्या आठवड्यात असे चालत नाही. नात्याचा पुरावा मागितला असेल तर हजार फोटोंपेक्षा विविधता कामाची: दोघांच्या भेटींचे पासपोर्टवरचे शिक्के, एकमेकांना पाठवलेले पैसे, विम्यातले नामनिर्देशन, दोन्ही घरच्या समारंभांतले तारीख-ठिकाण लिहिलेले वीस-पंचवीस फोटो, आणि कॉलच्या नोंदींची दर दोन महिन्यांतली एखादी पाने. थांबण्याच्या काळात हे दरमहा एका फोल्डरमध्ये टाकत राहा.

सगळे करून वर्षे लोटली तर अमेरिकन फेडरल कोर्टात 'मँडॅमस' दावा करता येतो. दाखल करण्याचे शुल्क ४०५ डॉलर, वकिलाची फी वेगळी. कोर्ट फक्त 'निर्णय घ्या' असे सांगू शकते, 'मंजूर करा' असे नाही. त्यामुळे फाइलमध्ये कच्चे दुवे असतील तर आधी ते भरा.

थांबण्याच्या काळातले जगणे

महिन्यातला एक दिवस ठरवा, समजा एक तारीख, आणि त्या दिवशीच स्थिती तपासा. रोज तपासल्याने फाइल सरकत नाही, झोप मात्र जाते. घरच्यांना "अजून काही नाही" असे सांगण्याऐवजी टेबल सांगा: "फाइल एनव्हीसीत आहे, कागद तपासणीला गेलेत." नेमकी माहिती मिळाली की सासर-माहेरचा तगादा बराच कमी होतो.

इकडच्या जोडीदाराने नोकरी सोडू नये, व्हिसा पासपोर्टावर चिकटेपर्यंत तरी नाहीच. याच काळात विद्यापीठातून ट्रान्स्क्रिप्ट काढून घ्या, अनुभवाची पत्रे घ्या, दातांची कामे उरका. तिकडे गेल्यावर हेच महाग आणि अवघड होते.

मुलींसाठी हे आवर्जून: पासपोर्ट, मूळ दाखले आणि केसच्या खात्यांचे पासवर्ड स्वतःकडे ठेवा. "अर्ज केलाय" एवढ्यावर थांबू नका, पावती क्रमांक मागा. तो यूएससीआयएसच्या संकेतस्थळावर कुणालाही तपासता येतो. अनेक महिने क्रमांकच मिळत नसेल तर तो प्रश्न दिरंगाईचा नाही. अशा फसवणुकीच्या तक्रारींसाठी राष्ट्रीय महिला आयोगात अनिवासी भारतीय विवाहांचा स्वतंत्र कक्ष आहे.

मध्ये पर्यटक व्हिसावर भेटायला जाता येते का? कायद्याने बंदी नाही, पण जोडीदार तिथे असताना परत येण्याचा हेतू पटवणे कठीण, म्हणून नकार बऱ्याचदा येतो. डीएस-१६० या पर्यटक व्हिसाच्या अर्जात, आपल्यासाठी स्थलांतराचा अर्ज कुणी भरला आहे का, असा थेट प्रश्न असतो. तिथे 'नाही' लिहिणे म्हणजे खोटी माहिती, आणि तिची शिक्षा कायमची प्रवेशबंदी असू शकते. त्यापेक्षा तिकडच्या जोडीदाराने इकडे येणे सोपे, आणि त्या भेटी पुराव्यातही जमा होतात.

या काळात बाळ झाले तर? वडील किंवा आई अमेरिकन नागरिक असून बाळाच्या जन्माआधी अमेरिकेत एकूण पाच वर्षे, त्यांतली दोन वयाच्या १४ नंतर, राहिलेले असतील तर बाळ जन्मतःच नागरिक ठरते. कॉन्सुलेटमध्ये जन्माची नोंद करून अमेरिकन पासपोर्ट घ्यायचा. पाच वर्षे भरत नसतील तर बाळासाठी स्वतंत्र आय-१३०. एफ-२ए मध्ये असाल तर बाळाला केसमध्ये जोडायला एनव्हीसीला लगेच कळवा.

मुलाखत, आणि तिच्यानंतरचा उशीर

मुलाखतीला मूळ कागद न्या, अपलोड केलेला प्रत्येक. एखादा कमी पडला किंवा अधिक तपासणी लागली तर २२१(जी) ची चिठ्ठी मिळते. कागदोपत्री तो नकार असतो, पण दार बंद होत नाही. चिठ्ठीवर मागितले आहे तेवढेच, सांगितलेल्या मार्गाने, लवकर द्या. वर्षभरात दिले नाही तर अर्ज आणि शुल्क पुन्हा पहिल्यापासून.

व्हिसा आला की निघण्याआधी यूएससीआयएसचे २३५ डॉलरचे इमिग्रंट शुल्क ऑनलाइन भरा, नाहीतर ग्रीन कार्डाची छपाई अडते. आणि पासपोर्टावरचा व्हिसा नीट पाहा. लग्नाला दोन वर्षे व्हायच्या आत अमेरिकेत उतरलात तर सीआर-१, म्हणजे दोन वर्षांचे सशर्त कार्ड, आणि ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत आय-७५१ हा आणखी एक अर्ज, ७५० डॉलर, पुन्हा प्रतीक्षा. दोन वर्षे पूर्ण झाल्यावर उतरलात तर आयआर-१, दहा वर्षांचे कार्ड. केस लांबल्यामुळे लग्नाचा दुसरा वाढदिवस जवळ आला असेल आणि व्हिसाच्या मुदतीत बसत असेल, तर तिकीट त्या तारखेनंतरचे काढा. व्हिसावर सीआर-१ छापलेले असले तरी विमानतळावरच्या अधिकाऱ्याला लग्नाचा दाखला दाखवून आयआर-१ म्हणून नोंद करायला सांगा, आणि काउंटर सोडण्याआधी शिक्क्यावर काय लिहिले आहे ते वाचून घ्या.